सूर्यावरचे डाग, दुष्काळ आणि मामाचा प्रश्न

११ मे २०२४ च्या संध्याकाळी मामाचा फोन आला. निफाड तालुक्यात त्याची द्राक्षबाग आहे. एरवी तो मला "तुझं ते पीएचडी कधी संपणार?" एवढंच विचारतो. त्या दिवशी विषय वेगळा होता.

"अगं, सूर्यावर मोठं वादळ झालंय म्हणे. लडाखात आभाळ लाल झाल्याचे फोटो फिरताहेत. खरंय का?"

"खरंय मामा."

"मग मला सांग, नोव्हेंबरात आपल्याकडे गारा पडल्या त्या याच्यामुळेच का? २०१४ ला पण सूर्य असाच जोरात होता असं व्हिडिओत सांगत होते. आणि २०१४ ला गारांनी काय केलं होतं ते तुला माहितेय. दर दहा-अकरा वर्षांनी येतं का हे? तसं असेल तर पुढच्या वेळी कर्ज काढून आधीच आच्छादन टाकतो."

मी पटकन "नाही" म्हणून मोकळी झाले. तो म्हणाला, "नाही तर नाही. पण का नाही ते सांग."

ते मला फोनवर धड सांगता आलं नाही. त्याच्या प्रश्नात तथ्य होतं. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट खरी, २६ नोव्हेंबर २०२३ ची नाशिक जिल्ह्यातली गारपीट खरी. सूर्याचं २४ वं चक्र एप्रिल २०१४ मध्ये शिखरावर होतं आणि २५ वं चक्र २०२४ मध्ये शिखरावर आलं, हेही खरं. चारही गोष्टी खऱ्या असून निष्कर्ष मात्र चुकीचा. संशोधनात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने हे कोडं एकदा तरी सोडवायला हवं, म्हणून ही पोस्ट.

आधी शब्दांचा गोंधळ मिटवू

मराठीत आपण सगळ्यालाच 'हवामान' म्हणतो. आज पाऊस पडेल का, तेही हवामान. तीस वर्षांची सरासरी बदलतेय, तेही हवामान. त्यात आता 'अवकाशीय हवामान' आलं. हे तीन वेगळे विषय आहेत.

अवकाशीय हवामान म्हणजे सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण, चुंबकीय क्षेत्र आणि क्ष-किरण यांच्यामुळे पृथ्वीभोवतीच्या अवकाशात होणारे बदल. सूर्यावर सौरज्वाला भडकते, कधी प्रभामंडलातून अब्जावधी टन द्रव्य बाहेर फेकलं जातं. ते आपल्या दिशेने आलं तर एक ते तीन दिवसांत पोहोचतं आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलवून सोडतं. यालाच भूचुंबकीय वादळ म्हणतात. मे २०२४ मध्ये हेच झालं आणि लडाखमधल्या हानलेहून लाल ध्रुवीय प्रकाश दिसला.

या विषयाचा एक मोठा पुरावा आपल्या मुंबईत आहे. २ सप्टेंबर १८५९ ला, 'कॅरिंग्टन घटना' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वादळात, कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद झाली. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी यांनी भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या गुरबक्ष सिंग लखिना आणि एस. ॲलेक्स यांच्यासोबत त्या जुन्या नोंदी पुन्हा वाचल्या, तेव्हा जगाला त्या वादळाची तीव्रता नीट कळली. मे २०२४ च्या वादळाचा निर्देशांक उणे ४०० नॅनोटेस्लांच्या आसपास होता. (ही तुलना ढोबळ आहे. कुलाब्याचा आकडा एका ठिकाणचा, आजचा निर्देशांक अनेक वेधशाळांच्या सरासरीचा.) पुढे मुंबईत विजेच्या ट्रामची चाहूल लागली, तेव्हा तारांतल्या प्रवाहाने नोंदी बिघडू नयेत म्हणून चुंबकीय निरीक्षणं अलिबागला हलवली. १९०४ पासून ती तिथे चालू आहेत.

आता प्रश्न असा की एवढं मोठं वादळ खाली आपल्या ढगांपर्यंत पोहोचतं का?

वादळाची ऊर्जा मुख्यतः शंभर किलोमीटरच्या वरच्या, अतिविरळ हवेत खर्च होते. ती हवा तापून फुगते. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे ४९ उपग्रह सोडले होते, त्यातले ३८ अशाच फुगलेल्या हवेच्या घर्षणाने खाली येऊन जळाले. मार्च १९८९ मध्ये कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात जमिनीत निर्माण झालेल्या प्रवाहांमुळे नऊ तास वीज गेली. म्हणजे उपग्रह, जीपीएस, रेडिओ, विजेचं जाळं यांना धोका खरा आहे. पण आपला पाऊस, ढग, गारा हे सगळं खालच्या पंधरा-सोळा किलोमीटरच्या तपांबरात घडतं आणि वातावरणाचं बहुतेक सगळं वजन तिथेच आहे. एखाद्या वादळाने पुढच्या आठवड्यात निफाडला गारा पडतील, असं म्हणायला कोणतीही माहीत असलेली भौतिक साखळी नाही.

मग सूर्याचा हवामानाशी संबंधच नाही?

असं मात्र नाही. इथे पुष्कळजण दुसऱ्या टोकाला जाऊन चुकतात. अवकाशीय हवामान बाजूला ठेवा आणि सूर्याच्या साध्या प्रकाशाचा हिशेब करू. वही-पेन घ्या, सोपा आहे.

पृथ्वीच्या अंतरावर सूर्याकडून येणारी ऊर्जा सुमारे १३६१ वॅट प्रति चौरस मीटर आहे. अकरा वर्षांच्या चक्रात किमान ते कमाल यांत ती साधारण १ वॅटने बदलते, म्हणजे ०.१ टक्क्याच्या आत-बाहेर. गंमत अशी की डाग काळे असले तरी कमालीच्या काळात सूर्य किंचित जास्त तेजस्वी असतो, कारण डागांभोवतीचे उजळ भाग ती तूट भरून काढून वर उरतात.

पृथ्वी गोल आहे म्हणून हा १ वॅट चारने भागायचा. त्यातला सुमारे ३० टक्के प्रकाश परावर्तित होतो म्हणून ०.७ ने गुणायचं. हाती उरतात सुमारे ०.१८ वॅट प्रति चौरस मीटर. आयपीसीसीच्या सहाव्या अहवालानुसार १७५० ते २०१९ या काळात मानवी कारणांनी वाढलेला भार आहे २.७२ वॅट प्रति चौरस मीटर. म्हणजे पंधरा पट. शिवाय सूर्याचा हिस्सा पाच-सहा वर्षांनी परत उतरतो, आपला उतरत नाही.

तरी ०.१८ म्हणजे शून्य नव्हे. जागतिक सरासरी तापमानात या चक्राचा ठसा अंदाजे ०.१ अंश सेल्सिअस एवढा सापडतो. आणि एक पळवाटही आहे: अतिनील किरण. एकूण प्रकाश ०.१ टक्का बदलतो, पण २०० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश काही टक्क्यांनी बदलतो. स्थितांबरातला ओझोन याच किरणांवर बनतो आणि तेच शोषून तापतो. त्यामुळे स्थितांबरातले वारे बदलतात आणि तो बदल हिवाळ्यात खालच्या थरांपर्यंत झिरपू शकतो. जोआना हेग यांनी १९९० च्या दशकात संगणकीय प्रारूपांतून ही वाट दाखवली. आदित्य-एल१ वरची, पुण्याच्या आयुकाच्या नेतृत्वाखाली बनलेली 'सूट' दुर्बीण २०० ते ४०० नॅनोमीटरमध्येच सूर्य बघते, ती याच कारणाने आपल्या कामाची आहे.

मोठ्या काळाकडे बघितलं तर सूर्याचा हात आणखी स्पष्ट दिसतो. ओमानमधल्या गुहेतल्या चुनखडीच्या लवणस्तंभावर २००१ मध्ये एक अभ्यास आला. सुमारे ९००० ते ६००० वर्षांपूर्वी तिथल्या मान्सूनचे चढउतार आणि सूर्याची सक्रियता एकमेकांशी जुळत होती. १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावर डाग जवळजवळ नव्हते आणि युरोपात थंडी होती, हे तुम्ही वाचलं असेल. पण ती थंडी १६४५ च्या आधीच सुरू झालेली होती आणि त्यात ज्वालामुखींचाही वाटा होता. म्हणून तिथे सगळं श्रेय सूर्याला देता येत नाही.

आणखी एक दावा नेहमी समोर येतो, विश्वकिरणांचा. सूर्य शांत असला की आकाशगंगेतून जास्त विश्वकिरण येतात, त्यांनी ढग वाढतात आणि पृथ्वी थंड होते, असं हेन्रिक स्वेन्समार्क १९९७ पासून मांडत आले. सर्नमधल्या 'क्लाउड' प्रयोगात ही कल्पना तपासली गेली. किरणांमुळे अतिसूक्ष्म कण बनायला मदत होते हे दिसलं, पण ढगाच्या थेंबाला लागणाऱ्या कणांच्या संख्येवर त्याचा परिणाम फार थोडा निघाला. (विश्वकिरण मोजणारा आपला उटीचा प्रयोग आहे 'ग्रेप्स-३'. नाशिककर म्हणून मला ते नाव फार आवडतं, पण त्याचा द्राक्षांशी संबंध नाही.)

मामाच्या आधी हाच प्रश्न विचारणारे

१८७६ ते १८७८ चा दुष्काळ आठवा. दख्खन, म्हैसूर, मद्रास. सोलापूर, नगर, सातारा, विजापूर होरपळले, लाखो माणसं मेली. पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारला कळवत होती. त्याच वेळी, १८७७ मध्ये, नॉर्मन लॉकियर आणि विल्यम हंटर यांनी 'सूर्यडाग आणि दुष्काळ' या विषयावर लेख लिहिला. मद्रासच्या पावसाची आकडेवारी मांडून त्यांनी म्हटलं की सूर्यावर डाग कमी असतात तेव्हा पाऊस कमी पडतो. तेव्हा सूर्य खरोखर किमानाकडे चालला होता.

आज हसू नका. लोक मरत असताना दुष्काळ चार वर्षं आधी ओळखण्याची ती आशा होती. या आशेनेच भारतात सौरशास्त्र उभं राहिलं. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात (आजचं सीओईपी) प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ मध्ये वेधशाळा उभी केली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला ते सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला दुर्बिणी लावून बसले होते आणि लॉकियर विजयदुर्गला. १८९९ मध्ये कोडाईकनालची सौरवेधशाळा स्थापन झाली, तिच्या मागेही मान्सून समजून घेण्याचा हेतू होता. १९१२ मध्ये पुण्याची वेधशाळा बंद होऊन तिची उपकरणं कोडाईकनालला गेली.

मग १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले. मुळात गणितज्ञ. त्यांनी "जुळतंय असं वाटतं" यावर भरवसा ठेवला नाही. जगभरच्या ठिकाणांचा पाऊस, तापमान, दाब घेतले आणि सहसंबंध मोजत बसले. १९१५ मध्ये त्यांनी सूर्यडागांवर निबंध प्रसिद्ध केले. संबंध इतके क्षीण निघाले की त्यावर मान्सूनचा अंदाज बांधणं शक्य नव्हतं. पण तेच आकडे चाळताना त्यांना दिसलं की प्रशांत महासागरावर दाब वाढला की हिंदी महासागराकडे उतरतो, आणि उलट. याला त्यांनी 'दक्षिणी आंदोलन' म्हटलं. एल निनोशी जोडलेली हीच ती गोष्ट, जिच्याशिवाय आज मान्सूनचा अंदाज सुरूच होत नाही.

म्हणजे सूर्यात शोधलेलं उत्तर समुद्रात सापडलं. आणि ते सापडलं, कारण कुणीतरी आवडती कल्पना प्रामाणिकपणे मोडू दिली.

आता आपण स्वतः तपासू

मोठ्या दुष्काळाची सात सालं घेऊ: १८७७, १८९९, १९१८, १९७२, १९८७, २००२, २००९.

सूर्याकडे बघा. १८७७, १८९९, १९८७ आणि २००९ ही सालं किमानाच्या जवळची. १९१८ आणि २००२ कमालीच्या जवळची. १९७२ उतारावर, मधलं. सातपैकी चार किमानाशी! हंटर इथे खूश झाले असते. पण थांबा. सूर्याची किमानं आणखीही होती: १९३३, १९५४, १९६४, १९७६, १९९६. त्या सालांत देशभराचा मान्सून दुष्काळी नव्हता, १९३३ ला तर तो भरपूर होता. आपण फक्त लागलेले नेम मोजले, चुकलेले सोडून दिले.

आता समुद्राकडे बघा. सातही सालं एल निनोची. तरीही हाच नियम लावून बघा. १९९७ मध्ये शतकातल्या सर्वांत जोरदार एल निनोंपैकी एक होता आणि मान्सून सामान्य झाला. म्हणजे एल निनो हीसुद्धा हमखास किल्ली नाही. फरक एवढाच की हा संबंध नव्या सालांतही पुष्कळदा टिकतो आणि त्यामागची वाऱ्यांची यंत्रणा आपल्याला दिसते.

माझी स्वतःची फजिती

हे सगळं मी शहाणपणाने सांगतेय, पण पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीही हंटरच होते. पावसाची शंभर वर्षांची मालिका घेतली, आलेख फार खडबडीत दिसला म्हणून पाच वर्षांची सरकती सरासरी लावली, आणि बघते तर काय, सूर्यडागांशी छान जुळणारी लाट! गटाच्या बैठकीत स्लाइड दाखवली. माझ्या गाइडने एकच प्रश्न विचारला: "यात स्वतंत्र बिंदू किती?"

शंभर, असं मी म्हणाले. उत्तर होतं साधारण वीस. पाच वर्षांची सरासरी लावली की शेजारचे बिंदू एकमेकांचीच माहिती पुन्हा सांगतात. स्वतंत्र बिंदू शंभर असतील तर ०.२ चा सहसंबंधही ५ टक्के पातळीवर लक्षणीय ठरतो. वीस असतील तर ०.४४ लागतो. माझा निकाल तिथेच पडला. त्यातून सूर्यडागांची मालिका स्वतःच अकरा वर्षांच्या लाटेत हलते, म्हणजे खरे स्वतंत्र बिंदू त्याहूनही कमी. १८७१ पासूनची पावसाची आकडेवारी पुण्याच्या आयआयटीएमकडे आहे, पण एवढ्या काळात सूर्याची चक्रं झाली जेमतेम चौदा.

घरी गेल्यावर मी संगणकावर निव्वळ यादृच्छिक आकडे काढले, तीच सरासरी लावली आणि सूर्यडागांशी लावून बघितले. पाच-सहा प्रयत्नांत तितकीच सुंदर लाट मिळाली. हा प्रयोग तुम्ही नक्की करा. अर्धा तास लागतो.

तेव्हापासून असा कोणताही आलेख समोर आला की मी चार प्रश्न विचारते:

१. स्वतंत्र बिंदू किती? मालिकेतले एकूण बिंदू सांगू नका.

२. किती जोड्या तपासून ही एक निवडली? पाच जिल्हे, चार ऋतू आणि शून्य ते नऊ वर्षांचा उशीर असे दहा पर्याय घेतले तर दोनशे चाचण्या होतात. त्यातल्या दहाएक केवळ नशिबाने 'लक्षणीय' निघतात.

३. ऊर्जा पुरते का? पुरत नसेल तर थोड्या ऊर्जेतून मोठा परिणाम घडवणारी वाट कोणती, जशी ओझोनची? ती वाट मोजता येते का?

४. न बघितलेल्या सालांवर टिकतं का? अर्ध्या मालिकेवर नियम बांधा, उरलेल्या अर्ध्यावर तपासा.

तापमानवाढीचा आरोप सूर्यावर टाकणाऱ्यांना हाच चौथा प्रश्न अडचणीत आणतो. सूर्याचं २४ वं चक्र सुमारे शंभर वर्षांतलं सर्वांत दुबळं होतं, तरी त्याच काळात पृथ्वी तापत राहिली. शिवाय सूर्यामुळे तापलं असतं तर स्थितांबरही तापायला हवं होतं. ते थंड होत गेलंय, आणि हरितगृह वायूंची खूण नेमकी तीच आहे.

मामाला काय सांगितलं

पुढच्या रविवारी निफाडला गेले. बांधावर बसून मामाला सांगितलं की तुझ्याकडे दोन गारपिटी आहेत आणि दोन बिंदूंमधून रेघ नेहमीच जाते. फेब्रुवारी २०१८ मध्ये मराठवाडा-विदर्भात मोठी गारपीट झाली, तेव्हा सूर्य किमानाकडे निघाला होता. आपल्याकडे अवकाळी गारा बहुतेकदा पडतात त्या उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभ आल्यावर, वर थंड हवा आणि खाली समुद्रावरचं बाष्प अशी गाठ पडली की. ती गाठ काही दिवस आधी दिसते, अकरा वर्षं आधी नाही.

"म्हणजे पुढची दहा वर्षं बिनधास्त राहू नको, असंच ना?"

हा निष्कर्ष त्याने काढला, मी नव्हे. आणि मला वाटतं या सगळ्या गणिताचा खरा उपयोग इथे आहे. चुकीच्या चक्रावर विश्वास ठेवला असता तर २०३४ पर्यंत त्याने बाग उघडी ठेवली असती.

आच्छादनाचा खर्च मोठा आहे, सगळ्या बागेवर ते त्याला परवडत नाही. आधी एक एकरावर टाकून बघू, असं म्हणाला. मग विचारलं, "आणि तुझं ते पीएचडी?"

त्याचा अंदाज मात्र अजून कोणालाच देता येत नाही.